पानाच्या तळाची ओळ

२ फेब्रुवारी

चि. बारकी,

मामाचा आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. मामी म्हणते, फोन कर. पण फोनवर तू म्हणतेस, "मामा, स्क्रीनवर काय आलंय ते वाचा," आणि मी चष्मा लावेपर्यंत ते निघून जातं. कागदावर मला विचार करायला सवड मिळते. शिवाय ही गोष्ट मामीच्या कानावर जायला नको, आणि तिचे कान तुला माहीत आहेत.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आली होतीस तेव्हा माझ्या कामाच्या संगणकावर तू 'छाप' नावाचं एक बटण करून दिलंस. तू त्याला स्क्रिप्ट म्हणतेस, मी बटणच म्हणतो. त्याआधी अंध मुलांच्या पुस्तकाचा एक धडा छापायचा तर मला चौदा ठिकाणी माऊस न्यावा लागायचा. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. चौदा ठिकाणांची चिठ्ठी खिशात ठेवून काम करायचो. तू दोन दिवस शेजारी बसून मी कुठे कुठे दाबतो ते पाहिलंस आणि बटण केलंस. तेव्हापासून धडा 'धडे' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा, छाप दाबायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. माऊस आपोआप फिरतो आणि ब्रेलचं मशीन टकटक करत जाड कागदावर टिंबं उठवायला लागतं.

आता काळजीचं. ३१ मार्चला मी निवृत्त होतो आणि त्याच दिवशी संगणकावरचं माझं खातं बंद होणार. माझ्या जागी जानेवारीपासून एक मुलगी आली आहे. मुलगी म्हणजे तिशीची असेल. तिला दिसत नाही. आमच्याच वाचनखोलीत आठ वर्षं ती छापलेली पानं बोटांनी तपासत होती, आणि छपाईचं काम तिने स्वतः मागून घेतलं. तिचा संगणक समोर येईल ते आवाजात वाचून दाखवतो, वाचनखोलीत तो दिवसभर बडबडायचा, म्हणून सगळे तिला मैना म्हणतात. आमच्या व्यवस्थापक बाईंनी तिला तीन महिने दिलेत. ३१ मार्चपर्यंत तिने त्यांच्यासमोर एकटीने एक धडा छापून दाखवायचा. नाहीतर ती परत वाचनखोलीत, आणि या खुर्चीवर बाहेरचा कुणी डोळस माणूस.

बटण माझ्या खात्यात चालतं आणि तिच्या खात्यात चालत नाही. तिच्या खात्यात ते गप्प बसतं. मला वाटतं त्याला माझी सवय झाली आहे. हसू नकोस.

आणखी एक आहे. ते लिहू की नको असं करत दोन कागद फाडले. जानेवारीतच बाईंनी दारातून जाता जाता विचारलं, जमतंय का तिला? माझ्या तोंडून निघून गेलं, झकास. आता गेलेला शब्द कसा परत घेऊ? तेव्हापासून रोज साडेअकराला मैना तपासायची पानं घेऊन वर गेली की मी माझ्या खात्यात शिरतो, धडा छापतो आणि पानं तिच्या टेबलावर ठेवून देतो. ती आली की म्हणतो, अगं तू मघाशी दाबलं होतंस ना, मशीनने उशिरा घेतलं. ती म्हणते, बरं आबा. गरीब बिचारी, विश्वास ठेवते.

काहीतरी कर. इथला संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, तेव्हा पेनड्राइव्ह पोस्टानेच पाठव. पत्ता ऑफिसचा घाल.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

ती. मामा,

संगणकाला कुणाची सवयबिवय होत नाही. चूक माझी आहे आणि छोटीशी आहे. मी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं होतं की 'आबा' या खात्याच्या डेस्कटॉपवर जा आणि तिथलं 'धडे' उघड. मैनेच्या खात्यात बसूनही ती बिचारी तुमचंच दार ठोठावते, आणि ते दार तिच्यासाठी बंद असतं.

सोबतच्या पेनड्राइव्हवर 'छाप-मैना' आहे. आबा काढून मैना घातलं, दोन मिनिटांचं काम. तिच्या डेस्कटॉपवर 'धडे' नावाचं फोल्डर करा आणि धडे त्यात टाका.

झकासचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी असते तर निदान मैनेला तरी खरं सांगितलं असतं. घाईत आहे, नव्या नोकरीत मान वर करायला वेळ नाही. मामीला सांगा, मी वेळेवर जेवते.

बारकी


१९ फेब्रुवारी

चि. बारकी,

तुझं दोन मिनिटांचं काम मला आठवडाभर पुरलं आहे.

फोल्डर केलं. बटणाला ते सापडलं, खिडकीही उघडली, आणि मी मनात म्हटलं, सुटलो. पण नंतर माऊस भलतीकडेच गेला आणि रिकाम्या जागेवर टिचकी मारत राहिला. मैनेच्या खात्यात खिडक्या माझ्यापेक्षा मोठ्या उघडतात. मग मी एक युक्ती केली. माझ्या खात्यात माऊस जिथे जिथे थांबतो त्या चौदा जागांवर, थेट पडद्याच्या काचेवर, लाल कागदाच्या टिकल्या चिकटवल्या. मग तिच्या खात्यात जाऊन बघितलं, चौदापैकी अकरा टिकल्या चुकल्या. म्हणजे तीन बरोबर आल्या, हेही तुला कळावं म्हणून लिहितो.

मग माझ्या लक्षात आलं की तिचा तो बोलणारा आवाज मध्ये मध्ये स्वतःची एक खिडकी पुढे आणतो. तो बंद केला, तर बटण दोन पावलं पुढे गेलं. ही प्रगतीच म्हणायची. मैना दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, आबा, मग मी काय करू? मी म्हटलं, काही नको करूस, नुसती बस. बसली बिचारी. तेव्हापासून आवाज बंदच ठेवला आहे.

आमचा तंत्रज्ञ महिन्यातून एकदा येतो. त्याला विचारलं तर म्हणाला, हे बाहेरच्या माणसाचं काम आहे, मी हात लावणार नाही, उद्या बिघडलं तर माझ्या गळ्यात. खुर्ची बदलून पाहिली. माऊस बदलून पाहिला. मामी म्हणते, हल्ली तुम्ही जेवतानाही ताटात चौदा ठिकाणी बोट टेकवता. तिला काहीतरी वास लागला आहे.

आज सकाळी बाईंनी परत विचारलं. मी नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

चाळीस दिवस राहिले.

मामा


२५ फेब्रुवारी

ती. मामा,

आधी तो आवाज चालू करा. हे पत्र पुढे वाचण्याआधी उठा आणि चालू करा. मी थांबते.

मामा, तो आवाज म्हणजे तिचे डोळे आहेत. तुम्ही तिचे डोळे मिटून तिला नुसती बस म्हणालात. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला माहीत आहे. पण मीही तेच केलं आहे, म्हणून तुम्हाला ओरडायचं तोंड मला नाही. बटण करताना मी तुमचा हात पाहिला, तुमचं काम पाहिलंच नाही. तुमचा हात जिथे जातो तिथे जा, एवढंच त्या स्क्रिप्टला शिकवलं. घरी येणाऱ्याला "दारातून बारा पावलं चाला आणि डावीकडे हात लांब करा, पाण्याचा माठ आहे" असं सांगावं, तसं. आपल्या घरात बरोबर. दुसऱ्याच्या घरात हात भिंतीवर आपटणार. आणि मग मी काय केलं, तर घराच्या मालकाचं नाव बदललं. ती दुरुस्ती नव्हतीच. उद्या मैनेच्या जागी तिसरं कुणी आलं की पुन्हा माझ्याकडे पाकीट.

या वेळी नीट लिहिते, कुणाच्याही खात्यात चालेल असं. पण त्यासाठी ती नेमकी कुठे अडते ते मला कळायला हवं. तुम्ही लिहिता, गप्प बसतं. गप्प मला दुरुस्त करता येत नाही. काय येतं ते शब्दन् शब्द लिहून पाठवा.

पडद्यावरच्या टिकल्या काढा. काच ओल्या फडक्याने पुसू नका.

बारकी


५ मार्च

ताई,

आपली ओळख नाही. मी मैना. हे माझं खरं नाव नाही, पण खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर आता मीच वळून बघत नाही, आणि तसंही वळून बघण्याचा मला काही उपयोग नाही. तुमचा पत्ता पहारेकऱ्याकडून वाचून घेतला. आबा तुमची पाकिटं फाडत नाहीत, घडी घालून खणात ठेवतात. हे पत्र मी माझ्या बोलणाऱ्या संगणकावर लिहिते आहे, तेव्हा चुका असतील तर त्या माझ्या, त्याच्या नाहीत.

बटण माझ्या खात्यात गप्प बसतं असं आबा म्हणतात. ते गप्प बसत नाही. आबांना ऐकू येत नाही, कारण त्यांच्या खोलीत आल्यापासून माझ्या कानात इअरफोनचा बोळा असतो. मी ऐकलेलं तसंच्या तसं लिहिते.

जुनं बटण दाबलं की, "फोल्डर सापडलं नाही. वापरकर्ते, तिरकी रेघ, आबा, तिरकी रेघ, डेस्कटॉप, तिरकी रेघ, धडे."

'छाप-मैना' दाबलं की खिडकी उघडल्याचं ऐकू येतं, मग कुठेच काही निवडलं गेल्याचं ऐकू येत नाही, फक्त टिचक्या. त्या कुठे पडतात ते मला माहीत नाही.

मी तेच काम माऊसशिवाय, कळफलकाने शेवटपर्यंत करून पाहिलं. दोन बटणांवर नुसती चित्रं आहेत, ती माझ्या आवाजाला वाचता येत नाहीत, ती अंदाजाने ओलांडली. शेवटी ऐकू आलं, "या खात्याला छापयंत्र जोडलेलं नाही."

तुम्ही शब्दन् शब्द मागितल्याचं आबांनी सांगितलं, तुम्हाला हवं होतं ते हेच असावं.

आता दुसरं. तुमचं बटण प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, ज्याच्या खात्यातून छापलं त्याचं नाव उठवतं, एका खुणेला टिंबांचं एक घर. तीन घरं, पहिलं आणि तिसरं सारखं. आबा. हे नाव मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज वाचते आहे. आठ वर्षं पानं तपासण्यात गेली, तळाची ओळ सोडायची मला सवय नाही. शिवाय ते मशीन या इमारतीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची वस्तू आहे. साडेअकराला खाली टकटक सुरू झाली की वरच्या वाचनखोलीत आमचे थोरले वाचक म्हणतात, "मैने, तू खाली छापते आहेस वाटतं." खोलीतले पाचही जण हसतात. मग मी खाली येते आणि आबा सांगतात, मशीनने उशिरा घेतलं. पानावर कुणाचं नाव असतं हे या इमारतीत फक्त दोघांना माहीत नाही, आबांना आणि व्यवस्थापक बाईंना. दोघांचेही डोळे उत्तम आहेत.

पहिले काही दिवस मला राग होता. वाटलं, म्हाताऱ्याला खुर्ची सोडवत नाही. आवाज बंद केला त्या दिवशी तर मी वर जाऊन रडले. पण परवा तुमचं पत्र आलं. ते अर्धवट वाचून आबा तसेच उठून आले, माझा आवाज चालू केला आणि शेजारी उभे राहिले. म्हणाले, "चुकलं." एवढंच. त्यांचा श्वास ऐकूनच कळत होतं की त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे. तेव्हापासून राग नाही.

एक मागणं आहे. नवीन लिहाल तेव्हा ती तळाची ओळ काढू नका. बाईंसमोर माझं पान निघालं तर त्या कोपऱ्यात काय उठतं ते मला वाचायचं आहे. आबांना यातलं काही कळवू नका. सांगायचं असेल तेव्हा मीच सांगेन.

मैना


१४ मार्च

ती. मामा,

मैनेचं पत्र आलं होतं. कुठे काय अडतं ते तिने असं लिहिलं की निम्मी दुरुस्ती तिनेच केली म्हणायची. बाकी काय लिहिलं ते आमचं गुपित. काळजी करू नका. म्हणजे तुम्ही करणारच, पण याची करू नका, दुसरी कुठलीतरी करा.

सोबत नवं बटण. नाव पुन्हा नुसतंच 'छाप', कुणाचं नाव त्याला नाही. आता ते माऊसला हात लावत नाही. खिडकीला तिच्या नावाने हाक मारतं, ती समोर येईपर्यंत थांबतं आणि कळफलकाने काम करतं, त्यामुळे खिडकी केवढी उघडते, मध्ये कोण बोलतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. धडे कुठे आहेत हे त्याला सांगावं लागत नाही. ते स्वतः जिथे ठेवलेलं असेल तिथेच शेजारी शोधतं. खुर्चीत कोण बसलंय ते संगणकालाच विचारतं. आणि अडलं तर का अडलं ते पूर्ण वाक्यात सांगतं, मैनेच्या आवाजाला वाचता येईल असं. गप्प बसायची त्याची सोय मी काढून टाकली आहे.

आता करायच्या गोष्टी. सगळ्यांना उघडता येईल अशा सामायिक जागेत 'छापखाना' नावाचं फोल्डर करा, त्यात बटण ठेवा, शेजारी 'धडे' ठेवा. तुमच्या डेस्कटॉपवरचे सगळे धडे तिथे हलवा. तंत्रज्ञ आला की मशीन सगळ्या खात्यांना जोडून घ्या आणि त्याच्याकडून 'पाहुणा' नावाचं एक नवं, कोरं खातं करून घ्या. ज्याच्या डेस्कटॉपवर काहीच नाही त्या पाहुण्याकडे बटण चाललं, तर ते कुणाकडेही चालेल.

आणि मामा, हे सगळं मैनेला करू द्या. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसा. तुम्हाला सवय आहे.

बारकी


२८ मार्च

चि. बारकी,

हे पत्र सलग वाच, मध्ये फोन करू नकोस. सगळं नीट झालं आहे. हे आधीच लिहितो, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. माझा दोन दिवस होता तेवढा पुरे.

तुझं पाकीट पोस्टात कुठे भटकलं देव जाणे, २६ तारखेला संध्याकाळी हातात पडलं. निघायची वेळ झाली होती. मी मैनेला पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, उद्या बघू. ती म्हणाली, धडे आत्ता हलवा. मी म्हटलं, अगं कुलूप लावायला आलेत. ती म्हणाली, आबा, आत्ता. पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात उभा, ती शेजारी उभी, आणि मी कुरकुरत सामायिक जागेत तुझं बटण ठेवलं आणि बावीस धडे त्याच्या शेजारी हलवले. तेवढंच.

काल सकाळी तंत्रज्ञ आला. मी त्याला तुझी यादी दिली. त्याने मशीन सगळ्या खात्यांना जोडलं, पाहुणा केला, आणि मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात माझं खातं काढून टाकलं. म्हणाला, महिनाअखेर मला यायला जमणार नाही, तुमचं तरी आता काय काम आहे आबा, आराम करा. मी विचारलं, डेस्कटॉप? म्हणाला, खात्याबरोबर तोही गेला. तीन महिन्यांची पुस्तकं त्या डेस्कटॉपवर, असंच मला वाटलं. आदल्या दिवशी मीच हलवली होती हे आठवेना. मी खुर्चीचा हात धरून उभा, आणि त्यात व्यवस्थापक बाई खाली आल्या. तंत्रज्ञ आहेच तर मैनेचं आजच बघून घेऊ म्हणाल्या.

माझं खातं नाही, म्हणजे माझी साडेअकराची वाट बंद. बटण एकदाही चालवून पाहिलेलं नाही. तिचे तीन महिने आणि माझं झकास, दोन्ही त्या एका दाबण्यावर. मला वाटलं मध्ये पडावं, म्हणावं, बाई, सोमवारी बघा. तेवढ्यात मैनेने कानातला बोळा काढला आणि आवाज खोलीभर मोठा केला. बहुतेक माझ्यासाठी.

तिने छाप दाबलं. माऊस जागचा हलला नाही. मी तिकडेच बघत होतो, सवयीने. मग आवाज बोलला, "धडे या फोल्डरमध्ये बावीस धडे आहेत. कोणता छापायचा?" बारकी, ते बावीस ऐकलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

तिने भूगोलाचा तिसरा निवडला. पुन्हा थांबलं. माझ्या मनात आलं, झालं, गप्प बसलं. तर आवाज म्हणाला, "छापयंत्रात कागद नाही." पूर्वी एवढ्यावर माझा अख्खा दिवस गेला असता. ती उठली, गठ्ठ्यातून कागद काढला, कडेची भोकं बोटांनी मोजत मशीनच्या दातांवर बसवली, झाकण लावलं. मला ते काम करायला चष्मा लागतो. आणि टकटक सुरू झाली. नऊ पानं. मी एक एक मोजलं.

बाईंनी पहिलं पान उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "छान दिसतंय." मग माझ्याकडे वळल्या. "आबा, याआधीचीही तिनेच छापली ना?"

मला हो म्हणता आलं असतं. मैनेची जागा तर झालीच होती. पण अगं, तीन महिने ते एक खोटं घेऊन फिरलो, आता शेवटच्या आठवड्यात आणखी एक बोलवेना. म्हटलं, "नाही बाई. ती सगळी मी छापली. तुम्हाला झकास म्हणालो ते खोटं होतं."

बाईंच्या भुवया चढल्या. तेव्हा मैना म्हणाली, "बाई, लपवलेलं काही नाही. प्रत्येक पानावर तसं छापलेलंच आहे."

तिने टेबलावरचं एक जुनं पान घेतलं, माझा उजवा हात धरला आणि माझं बोट तळाच्या कोपऱ्यावर ठेवलं. "तीन घरं," म्हणाली. "पहिलं आणि तिसरं सारखं. आबा." मग आत्ता निघालेल्या पानावर नेलं. तिथे चार घरं होती. "शेवटचं ओळखीचं लागतं का? ते तुमच्या नावातलंच आहे. मैना." आणि तिचंही बोट तिथे थोडा वेळ तसंच राहिलं.

मी विचारलं, "म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या आठवड्यापासून. वरच्या सगळ्यांना."

एकवीस वर्षं मी ही टिंबं उठवतो आहे आणि एकदाही बोटाने वाचली नाहीत. मला वाटायचं ती वाचणाऱ्यांसाठी असतात. रोज माझीच कबुली छापून मी स्वतःच्या हाताने तिच्या टेबलावर नेऊन ठेवत होतो, आणि वर सांगत होतो, मशीनने उशिरा घेतलं. लाज वाटली. पण खरं सांगू, लाजेच्या आधी हलकं वाटलं. तीन महिने सगळ्यांना माहीत होतं आणि एकानेही मला टोचलं नाही.

बाई किती तरी वेळ ती दोन पानं बोटांनी चाचपत राहिल्या. त्यांनाही काही कळत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "हे मलाही कुणीतरी शिकवा. म्हणजे पुढच्या वेळी आबांना विचारायला नको." मैनेला म्हणाल्या, एक तारखेपासून खुर्ची तुझी. माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते मी सोसलं.

नंतर पाहुण्याच्या खात्यातूनही एक पान काढलं, तू सांगितलं होतंस म्हणून. चाललं. सोबत दोन्ही पानं पाठवतो आहे. तळाला बोट लावून बघ.

मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. आता हिला कुठून?

मामा


६ एप्रिल

ती. मामा,

पानं मिळाली. मी डोळे मिटून तळाला बोट लावून पाहिलं, मला नुसता खरखरीत कागद लागला. तुम्ही माझ्यापुढे गेलात.

तुम्ही कबुली दिलीत, तर माझीही घ्या. त्या जुन्या अख्ख्या स्क्रिप्टमध्ये कुणाच्याही खात्यात चालेल अशी एकच ओळ मी लिहिली होती, आणि ती हीच, तळाच्या नावाची. तीसुद्धा आळसाने. नाव हाताने घालायचा कंटाळा आला, म्हणून लिहून टाकलं, जो बसला असेल त्याचं नाव संगणकाला विचारून छाप. बाकी सगळं मेहनतीने लिहिलेलं चुकलं.

मामीला मी काही सांगितलेलं नाही. भाचीची पाकिटं घरी न येता ऑफिसच्या पत्त्यावर यायला लागली की कुठल्याही बायकोला कळतं.

घरी करमतं का? खरं लिहा.

बारकी


२२ एप्रिल

चि. बारकी,

खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहितो. पहिले पंधरा दिवस करमलं नाही. साडेअकरा वाजले की मी खुर्चीतून उठायचो. मामी विचारायची, कुठे? मी म्हणायचो, कुठे नाही, आणि परत बसायचो. मशीनमध्ये कागद अडकला असेल, छाप गप्प बसलं असेल, मैना कुणाला विचारणार, असं सगळं डोक्यात चालायचं. ऑफिसवरून दोनदा चालत गेलो. आत गेलो नाही. रस्त्यापर्यंत टकटक ऐकू येते का पाहत होतो. दोन्ही वेळा आली. पण दोनदा आली म्हणजे रोज येते असं कुठे आहे?

परवा पहारेकरी घरी एक पाकीट देऊन गेला. आत जाड कागदाचा एक तुकडा, त्यावर टिंबांची एकच ओळ, आणि अक्षरांचा एक मोठा तक्ता, डोळसांसाठी छापलेला. मामी म्हणाली, चष्मा लावून तक्त्यात बघा आणि सांगा काय आहे ते. मी म्हटलं, नको. बोटानेच.

तीन दिवस लागले. माझी बोटं जाड, दोन टिंबं एक वाटतात आणि एक टिंब लागतच नाही. पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट लागली. ओळीच्या जवळजवळ शेवटी तीन घरं, पहिलं आणि तिसरं सारखं. मी तिथे, हे कळलं. मग मागे मागे सरकत गेलो. 'चालू' एक दिवस खाऊन गेलं. आज जेवण झाल्यावर शेवटचा शब्द लागला आणि मी ओळ सुरुवातीपासून पुन्हा फिरवली.

मशीन चालू आहे आबा. झोपा.

खाली, उजव्या कोपऱ्यात, चार घरं.

बरोबर वाचलं का, हे मामीला तक्त्यात बघायला सांगणार होतो. तक्ता हातातही घेतला होता. मग ठेवून दिला, खिडकी ओढली आणि झोपलो. उठलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि मामी चहा झाकून बसली होती.

मामा